गोरक्षमामांचा आग्रह

नाशकात मिसळ खायला कुणाला आग्रह करावा लागत नाही. रविवारी सकाळी अख्खं घर गाडीत कोंबायचं, मळ्यातल्या मिसळीसमोर नंबर लावायचा आणि उन्हात ताटकळत उभं राहायचं, हे इथली माणसं आपण होऊन हौसेनं करतात. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा तर्री मागतात. पण ताटावरचं जेवण म्हणजे निराळं प्रकरण. वरण, भात, दोन भाज्या, कढी, हे घरीही मिळतंच की. मग ते बाहेर जाऊन खायचं कशासाठी? वाढणाऱ्यासाठी. हे ज्याला कळत नाही त्यानं खुशाल पिझ्झा खावा. आणि वाढणारा म्हटला की रविवार कारंज्यावरची जुनी गिऱ्हाइकं अजून एकच नाव घेतात, गोरक्षमामा.

मामा मूळचे चांदवडकडचे. घरी कांद्याची शेती होती, पण भाऊ जास्त आणि जमीन कमी. म्हणून मिसरूड फुटायच्या आत नाशकात आले आणि शामसुंदरकाकांच्या भोजनालयात चिकटले. काकांच्या घराण्यात रामकुंडावरचं उपाध्येपण होतं, यात्रेकरूंच्या पंगती घरातच उठायच्या. काकांनी पूजा सांगायचं सोडलं आणि पंगत तेवढी धरून ठेवली, जिना चढून गेल्यावरच्या एका हॉलमध्ये टेबलं टाकून. गोरक्षला त्यांनी आधी भांड्यांवर बसवलं, मग पाण्यावर घेतलं आणि एक दिवस हातात आमटीची बादली दिली. ती पुढे सुटलीच नाही. काकांचा मुलगा आल्हाद गल्ल्यावर बसायला लागला, भिंतीवर एसी आला, ताटं तांब्याची झाली, मामा मात्र तेच.

त्यांचं म्हणणं असं की आपला माणूस पहिल्यांदा नको म्हणतो ते वाढणाऱ्याची नियत बघायला. हात ताटावर आडवा धरलाय पण बोटं फाकलेली आहेत, तर खुशाल वाढायचं. नको म्हणताना नजर जिलेबीवर आहे, तर एक नाही, दोन टाकायच्या. नको म्हणून हळूच बायकोकडे बघितलं, तर अर्धी टाकून पुढे सटकायचं, भांडण त्यांचं त्यांनी बघावं. सराफ बाजारातले शेठ, कोर्टातले वकील, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दहावा उरकून आलेली कोमेजलेली माणसं, सगळ्यांना त्यांनी पोटभर जेवायला लावलं. एखादा कुरकुरायचा, मामा, तुम्ही मारणार आम्हाला एक दिवस. मामा म्हणत, खाऊन मेलेला माणूस अजून मी बघितला नाही.

एक नको मात्र असं असतं की त्याच्या वाटेला मामा कधी गेले नाहीत. ते हळू येतं. हात हलत नाही, डोळे वर होत नाहीत, भांडणही नसतं त्यात. तसं ऐकलं की मामा बादली घेऊन मुकाट पुढच्या ताटाकडे सरकायचे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मालनबाई ही मामांची बायको. द्वारका चौकातून आत गेलं की उड्डाणपुलाची घरघर दिवसभर ऐकू येते अशा दोन खोल्यांत दोघांचा संसार, आणि लेक सायली नांदगावला दिलेली. मालनबाईंना खाण्याची भारी हौस. लग्नानंतर पहिल्यांदा पंचवटीत दर्शनाला आणलं तर देवाच्या आधी भेळभत्ता मागितला, हे मामा ज्याला त्याला कौतुकानं सांगत. तळलेली मिरची दाताखाली धरायची, हाऽहू करत हसायचं आणि पुन्हा तीच चावायची, असला तिखट नग. गेल्या दिवाळीनंतर त्या बाईची अन्नावरची वासना उडाली. आधी आंबट पाणी तोंडात यायला लागलं, मग दोन घासांतच पोट तुडुंब वाटायला लागलं. पोटात गाठ निघाली. मुंबईपर्यंत जाऊन आले. शेवटी डॉक्टरांनी मामांना आणि सायलीला समोर बसवून समजावून सांगितलं की आता औषध कळा थोपवण्यापुरतं, यांना घरी न्या, बोलाबसायला जवळ राहा, आणि खाण्याचा आग्रह करू नका, शरीराला ते झेपणार नाही.

बाकी सगळं मामांनी ऐकून घेतलं. शेवटचं काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. खाऊ नका घालू म्हणजे काय? उपाशी मारायचं? रिक्षात बसेपर्यंत ते डॉक्टरला नाही नाही ते बोलले. सायली रडत होती, तिलाही म्हणाले, तू बघच, हिला महिन्यात मी उभी करतो. अहो, परक्या माणसांना घास भरवण्यात ज्याची हयात गेली, त्याची स्वतःची बायको खात नाही? हे त्यांना दुखण्यापेक्षा आपल्या हातांचा अपमान वाटला, खरं तर.

मग सुरू झालं ते सगळ्या गावाचं खाणं घरात आणणं. दुपारची पंगत उठली की मामा निघायचे ते गल्ल्या धुंडाळत. एक दिवस मऊ साबुदाणा वडा, एक दिवस पाकातली जिलेबी, कधी भगरीची पेज आणि दाण्याची आमटी, कधी देवळापुढचा पेढा. मिसळवाल्याकडून बिनतर्रीची मटकी मागून आणली, तेव्हा तो मित्र असूनही हसला. द्राक्षं सोलून, बिया काढून वाटीत घातली. तिच्या आवडीचा भेळभत्ता तर खलबत्त्यात कुटून ताकात भिजवला, काय करणार. खाटेशी बसायचं, चमचा पुढे धरायचा आणि पंगतीतला गोड आवाज काढायचा. एक घास माझा, एक घास सायलीचा, अजून रुद्र राहिलाय की, नातवाला नाही म्हणणार का? मालनबाई नको म्हणायच्या. मामा ऐकायचे नाहीत. मग त्या तोंड उघडायच्या, गिळायच्या, आणि घटकाभरानं ते सगळं कळा देत देत उलटून पडायचं. पाठ चोळता चोळता मामा म्हणायचे, उद्या हलकं काहीतरी आणतो.

सायली फोनवर विनवायची की पप्पा, बळजबरी नका करू. मामा फोन शेजारच्या उज्वलाच्या हातात द्यायचे आणि मोरीत जाऊन भांडी वाजवायचे. उज्वला दुपारी मालनबाईंपाशी बसायची. तिनंच एकदा दबकत सांगितलं की काकू दिवसभर टक्क जाग्या असतात, बोलतात, जुन्या गोष्टी सांगतात, आणि जिन्यात तुमचा पाय वाजला की डोळे मिटतात. मामा तिच्यावर खेकसले. औषधाची गुंगी असते ती, तुला काय कळतंय. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

दोन दिवसांनी भोजनालयात एक कुटुंब आलं. घरातली म्हातारी गेलेली, गंगेवरचे विधी उरकून सगळे जेवायला बसले होते. टेबलाच्या टोकाला तिचा नवरा होता. मामा बादली घेऊन आले. म्हाताऱ्यानं ताटाकडे बघत, हळू, नको एवढंच म्हटलं. मामा पुढे सरकले. त्याच्या मुलाला वाढलं, सुनेला वाढलं, सवयीनं वाढत वाढत पलीकडच्या टेबलापर्यंत गेले, आणि तिथे त्यांचे पाय थबकले. हा आवाज ते गेला महिनाभर रोज घरी ऐकत होते. अगदी हाच, न भांडणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी तो ओळखला होता. न ओळखायला काय झालं? हयातभर तर तेच केलं. परक्याचं ऐकलं आणि तिचं ऐकलं नाही, कारण तिचं ऐकलं असतं तर ती जाणार हेही ऐकावं लागलं असतं.

गिऱ्हाईक आमटी मागत राहिलं. मामांनी बादली टेबलावरच ठेवली. आल्हाद उठून जवळ आला, तर त्याला म्हणाले की मी घरी जातो. त्याला काय दिसलं कोण जाणे, त्यानं कारण विचारलं नाही. त्या दिवशी मामा कुठल्याच गल्लीत वळले नाहीत. रिकाम्या हातांनी द्वारकेपर्यंत चालत आले, जिना चढले. मालनबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, पापण्या घट्ट मिटलेल्या, मधेच थरथरणाऱ्या. मामा खाटेशी बसले.

"मालन, आज काय आणलं नाय. डोळे उघड."

त्या हलल्या नाहीत. मग सावकाश वळल्या, आधी त्यांच्या हातांकडे बघितलं, मग खाटेखाली, मग तोंडाकडे.

"आजपासून नाय आणणार," मामा म्हणाले. "तू नको म्हणत होतीस ते मला कळत होतं. तरी भरवलं. चुकलो मी."

मालनबाईंनी लांब श्वास सोडला. त्यांचं सगळं अंग त्या श्वासासरशी सैल झालं. "लय भ्या वाटायचं हो," त्या म्हणाल्या, "तुमची पावलं वाजली की."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या जिवासाठी हा आटापिटा, तिला आपण घाबरवून सोडलं. तिच्या उरल्यासुरल्या दुपारी आपण वाटी-चमच्यात घालवल्या आणि ती झोपेचं सोंग घेऊन आपल्यापासून लपत राहिली. ते हमसून हमसून रडले, लहान पोरासारखे, खाटेच्या कडेला डोकं टेकून. मालनबाईंनी त्यांच्या केसांवर हात ठेवला. हाताला वजन असं राहिलंच नव्हतं.

रडणं ओसरल्यावर मालनबाईंनी विचारलं की तुम्ही जेवलात का. मामा म्हणाले, जेवण कसलं, वाढता वाढता निघून आलो. तर म्हणाल्या, मग इथं जेवा, माझ्यासमोर. मामा म्हणाले की भूक नाही. तेव्हा मालनबाई जे बोलल्या ते त्यांनी इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"दोन्ही वेळचं तुम्ही तिकडंच जेवत आलात. सुटीच्या दिवशी लग्नाच्या पंगतीला. सायली होती तवर ती होती, तिचं लग्न झाल्यावर मी आणि भिंत. तुम्ही जेवताना कसे दिसता ते मला नीट ठावं बी नाय."

घरातलं एक ताट वाचतंय, बाईला तेवढाच त्रास कमी, असं मामा आजवर अभिमानानं समजत आले होते. सगळ्या नाशकात कोण एकटं जेवतंय, कुणाला सोबत हवी, हे त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओळखलं, आणि आपल्या घरात रोज एक बाई एकटी जेवते हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

ते उठले. फोडणीचा वास तिला सोसायचा नाही म्हणून नुसतं मुगाचं वरण आणि भात टाकला. वर तूप घेतलं, लिंबाची फोड घेतली आणि खाटेजवळ जमिनीवर बसले. बसून जेवायची सवयच नव्हती. हॉलच्या मागे, भटारखान्याच्या दारात उभ्या उभ्या चार घास कोंबायचे हीच रीत. त्यांचा हात भराभर चालायला लागला तशी मालनबाई म्हणाल्या की सावकाश, कोण मागं लागलंय. मामा सावकाश जेवायला लागले. ताट संपत आलं तर म्हणाल्या, भात घ्या अजून, एवढ्यानं काय होतंय. मामांनी उठून भात घेतला.

पुढे दुपारचं वाढणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. आल्हादनं दुसरा माणूस लावला. त्याला आग्रह जमत नाही, गिऱ्हाइकं कुरकुरली, कुरकुरू देत. रोज त्या वेळी मामा खाटेजवळ ताट घेऊन बसायचे. मालनबाई कुशीवर होऊन बघायच्या, ओठ ओल्या कापसानं टिपून घ्यायच्या आणि बोलायच्या. चांदवडच्या माहेरच्या गोष्टी निघायच्या, सायलीच्या लहानपणच्या निघायच्या, कुणाकुणाच्या लग्नातल्या भांडणांच्या निघायच्या आणि दोघं हसायचे. मधेच त्या वाटीकडे बोट दाखवून अजून वरण घ्यायला लावायच्या. सायली रुद्रला घेऊन येऊन राहिली, तीही त्या पंगतीत बसली. आईचे डोळे आता उघडे असतात, एवढंच तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं.

थंडी सरता सरता मालनबाईंचं बोलणं बंद झालं. पाणीही नको झालं. डॉक्टर येऊन गेले, सायलीला बाजूला घेऊन सांगून गेले की आता फार वेळ नाही. सायलीनं चूल थंडच ठेवली होती, कुणाला जेवायचं सुचतंय. मामा मात्र नेहमीच्या वेळेला स्वतः उठले. भात टाकला, वरण केलं, ताट घेतलं आणि खाटेजवळ येऊन बसले. सायली काही म्हणायला गेली, पण आईकडे बघून तिनं पाण्याचा तांब्या आणून ताटाशेजारी ठेवला.

पहिला घास मामांनी तोंडात घातला. घोटभर पाण्यानं तो त्यांनी खाली उतरवला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, सावकाश. चव कशाचीच लागत नव्हती. ताटात भात उरला होता तिथे त्यांचा हात थांबला, वाटलं की आता नाहीच जाणार. त्यांनी वर बघितलं. मालनबाई कुशीवर होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. मामांनी खाली मान घातली आणि उरलेला भात कालवायला घेतला.