हळदकुंकू लावलेली तिकटी

सुमनअक्का घरातसुद्धा हात दाखवून वळायच्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना उजवा हात आडवा पसरायचा, मागे कोण येतंय ते बघायचं आणि मगच वळायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना त्यांनी असाच हात काढला आणि मागून मठ्ठा घेऊन येणाऱ्या व्याह्यांना जागच्या जागी थांबवलं. "हात आधी बोलू दे, गाडी मागनं," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या.

नव्वदच्या दशकात आमच्या सांगलीत बायकांना मोटार शिकवायच्या त्या अक्काच. माहेर रहिमतपूरकडचं, यजमान फौजेत ड्रायव्हर. सुट्टीवर आले की त्यांनीच अक्कांना शेतातल्या वाटेवर जीप शिकवलेली. मी शाळेत बाई, चाळिशीत त्यांच्याकडे शिकायला गेले. माझा गिअर अडला की त्या ओरडायच्या, "आवं बाई, गिअर हाय त्यो! मिरच्या कुटताय व्हय?" मला इतकं हसू यायचं की गाडी बंद पडायची.

घात केला तो तिकटीनं, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्यानं. रस्ता रुंद झाला, उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा ठेवला, पण तो ओळखू यावा म्हणून एक रेघही कुणी मारली नाही. सरळ जाणारे त्यात घुसायचे आणि वळणारे डाव्या कडेपासून सगळा रस्ता कापत यायचे. लायसन्स मिळालं त्याच महिन्यात असाच एक टेम्पो माझ्या दारावर आदळला. माझा हात मोडला. किल्ली मी नवऱ्याला देऊन टाकली आणि पुन्हा गाडीला शिवणार नाही म्हणून सांगितलं. हे अक्कांच्या फार जिव्हारी लागलं. "तुमी स्टेरिंग सोडलंसा तर माझं शिकवनं फुकट गेलं," त्या म्हणाल्या. "आदी तिकटीला वळण लावते, मग तुमाला न्यायला येते."

अक्का पट्टे मारून मागायला गेल्या, तर रस्तेखात्याचे साहेब म्हणाले, "अक्का, रंग वाया जाईल. आपल्याकडे पट्टा पाळतो कोण?"

"रेघ कशानं वढलीया त्यावर हाय ते, सायेब."

माझ्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी उजाडायच्या सुमाराला तिकटीवरच्या हवालदारांना रहदारी सांभाळायला उभं करून अक्कांनी आणि त्यांच्या शिष्यिणींनी रस्त्यावर रांगोळीचे पट्टे ओढले. बाणसुद्धा काढले. उठून दिसावं म्हणून अक्कांनी वर हळदकुंकू वाहिलं आणि तिथंच फसगत झाली. रेघ सलग होती. ती ओलांडून वळायच्या पट्ट्यात शिरायला कुणी धजेना! पहिल्या ट्रकवाल्यानं खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, "आक्का, पूजा कवा उरकायची?" त्याच्यामागे उसाचा ट्रॅक्टर, रिक्षा आणि एक वऱ्हाड. मुहूर्त टळतोय म्हणून वरबाप कावले, तर बँडवाल्यांनी बसल्या जागी वाजवायला सुरुवात केली.

अक्का क्षणभर गांगरल्या. मग कुणाच्या तरी हातातला झाडू ओढून घेऊन त्यांनी ती रेघ मध्येमध्ये पुसली आणि ओरडल्या, "पुसलंय तितनं शिरा रं! भरलंय तितनं न्हाई!" आणि काय सांगू, गाड्या शहाण्यासारख्या चालायला लागल्या! वळणारे उजवीकडे, सरळ जाणारे सरळ. साहेब स्कूटरवरून बघायला आले आणि नेमके चुकीच्या पट्ट्यात शिरले. अक्कांनी बोट दाखवल्यावर निमूट लांबचा वळसा घालून परत आले, पोट धरून हसले आणि त्याच आठवड्यात रंग मारून घेतला.

अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. डोळ्यांपुढे मात्र त्या येतात त्या त्याच सकाळच्या, रांगोळीनं पांढऱ्या झालेल्या. गर्दीतून त्यांनी मला ओढून काढलं आणि शिकवणीच्या गाडीत स्टेरिंगमागे बसवलं. मी गिअर टाकला. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि अक्कांचा पाय कायम त्यावर. तिकटीवर उजवीकडे वळताना आधारासाठी मी त्या ब्रेककडे पाहिलं, तर अक्का सीटवर पाय वर घेऊन, मस्त मांडी ठोकून बसल्या होत्या.