चार फुल्या

बँकेचा तो अठरा मजली मनोरा लांबून अखंड पाषाणाचा वाटतो, पण ते निव्वळ ढोंग आहे. आत लोखंडी सांगाडा आणि वर दगडाचा अंगरखा. दर्शनी खांब तर कशाचाच भार पेलत नाहीत. ठेवीदारांवर छाप पडावी म्हणून उभे केलेले. दगड लोखंडी आकड्यांनी सांगाड्याला धरलेले, आणि आकडे गंजले की दगड आतल्या आत सुटतो.

सुटलेला दगड ओळखायचं काम एकाच गवंड्याचं. सगळे त्याला ‘ठोक्या’ म्हणत. दर वर्षी दोराच्या पाळण्यात बसून तो गच्चीपासून खाली यायचा आणि लाकडी हातोडीने एकेक दगड वाजवायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर खडूची फुली. त्याच्या शब्दापुढे इंजिनीयरही जायचे नाहीत, आणि त्याचा त्याला चांगलाच माज होता.

गेल्या वर्षी एकोणीस फुल्या पडल्या. यंदा फक्त चार.

“मनोरा तरुण होत चाललाय की!” इंजिनीयरबाई खूश झाल्या. “उद्या सही करा, मग फुटपाथवरची दगड झेलायची जाळी काढून टाकू.”

घरी बायकोने तोंडावरच विचारलं, “टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जातो, तुम्हाला नाही. मग दगड कसे ऐकू येतात हो?”

“हाताला कळतं,” तो गुरगुरला.

तिने त्याच्या पाठीमागे दोन कप चमच्याने वाजवले. “तडकलेला कुठला?”

त्याने बेधडक पहिला सांगितला. तडा दुसऱ्याला होता.

“पोरगी रोज त्याच फुटपाथवरून कामाला जाते,” बायको एवढंच म्हणाली. तो तिच्यावर खेकसला, कपांवर खेकसला, न जेवता उठला. खरं म्हणजे तो घाबरला होता. हे काम गेलं तर त्याला कोण विचारणार होतं?

सकाळी मनोऱ्यातल्या बाईंच्या ऑफिसात सहीचा कागद पुढे आला. खिडकीखाली, जाळीच्या आडोशाला, माणसं बसची वाट बघत होती.

“बाई, माझे कान गेलेत.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “कधीपासून?”

‘यंदापासूनच’ हे उत्तर तो वाटभर घोकत आला होता.

“तीन वर्षं झाली,” तो म्हणाला.

बाई खुर्ची ढकलून धावत बाहेर गेल्या. मनोऱ्याच्या मागच्या बाजूची जाळी गेल्या वर्षीच त्याच्या सहीने निघाली होती, आणि तिथे आता भिंतीला लागून भाजीवाल्या बसत होत्या.