कर्ता गाळलेलं वाक्य

मी ज्या साहेबांची गाडी चालवतो, ते दुबईतल्या एका परदेशी वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. आधी दिल्लीत होते, म्हणून माझ्याशी हिंदीत बोलतात. ‘इन्शाल्ला’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’, हे इथे आल्यावर आठवड्याभरात शिकले. स्वभावाने फार हळवे. ऊद मेथाच्या सिग्नलला मांजर आडवं आलं तरी डोळे मिटून घेतात.

त्यांच्या मित्रदेशाच्या विमानांनी एका शाळेवर बॉम्ब टाकले, त्या सकाळी मागच्या सीटवरून ते फोनवर निवेदन सांगत होते. ‘हल्ला’ काढून त्यांनी ‘घटना’ घातलं. ‘मुलांना मारलं’ काढून ‘जीवितहानी झाली’ केलं. शेवटी, ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.’ आमच्या दापोलीच्या शाळेत वाक्यातला कर्ता गाळला की गुरुजी छडी मारायचे. साहेबांना त्याच कलेचा पगार मिळतो.

गेल्या आठवड्यात मीना बाजारच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून गाडीचं दार चेपलं. चूक माझीच होती. साहेब म्हणाले, “रिपोर्ट लिखके दो.”

साहेबांची इतक्या वर्षांची शिकवणी वाया कशी घालवायची? मी लिहिलं, ‘पार्किंगमध्ये एक दुर्दैवी घटना घडली. दाराची हानी झाली. गाडी आणि खांब, दोघांनीही संयम पाळावा.’

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“वो सब ठीक है,” ते म्हणाले, “लेकिन मारा किसने?”