उरलेलं ज्याचं त्यानं उतरवायचं

आमच्या गुत्तेदारणीला कुणाला शिक्षा करायची झाली की आधी ती स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवायची. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल करून, आईनं बाळाला टोपडं घालावं इतकी नीट बसवायची. मग म्हणायची, "हं, आता मर."

लातुरात, नांदेडात ती घरांची कामं गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं घ्यायची. मूळची कंधारची. नवरा गुत्तेदार होता. तो गेल्यावर त्याची माणसं तिनं दुसऱ्याकडं जाऊ दिली नाहीत. उंच, हाडापेरानं दणकट बाई. पायाडावर चढली की फळ्या करकरायच्या. तोंडावर आम्ही तिला बाई म्हणायचो. मी रेणापूरची, तिच्या हाताखाली टोपलं वाहणारी. मला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून पहिल्याच दिवशी तिनं माझं नाव मुकी ठेवलं. माझं खरं नाव तिला कधी कळलं की नाही, कोण जाणे.

घर बांधायला काढलं की सामानाची यादी कुणी करायची यावरून हमखास वाद. मालक म्हणायचा, घर माझं. इंजिनेर म्हणायचा, नकाशा माझा. मिस्त्री म्हणायचा, थापी माझ्या हातात. बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि पान थुंकून म्हणायची, "कुणीबी काढा. माझी एकच अट हाय. वर चढवलेलं उरलं तर ज्यानं यादी काढली त्यानंच डोक्यावर घेऊन खाली उतरवायचं. माझ्या बाया एकच ओझं दोनदा वाहणार न्हाईत."

"आणि कमी पडलं तर?"

"तर शिव्या खायच्या. त्या माझ्याकडं लई हायेत."

बहुतेक जण हसून यादी बाईवर सोडायचे. नांदेडच्या एका रिटायर गुरुजींनी मात्र सोडली नाही. मोबाईलवर बघून त्यांनी स्वतःच हिशोब केला आणि दुसऱ्या मजल्यावर विटांची थप्पी उरली. गुरुजी म्हणाले, "राहू द्या वरच. कुंड्या ठेवायला होतील."

"का हो गुरुजी, पोराचं गणित चुकलं की तुम्ही असंच म्हणायचात का, राहू दे वहीतच?"

तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांवर चुंबळ बसवली. फाटकापाशी त्यांची बायको तोंडाला पदर लावून उभी. "अहो, पडाल हो!" बाई तिला म्हणाली, "ताई, चहा ठेवा. उतरले की लागंल त्यांना." शेवटच्या खेपेला गुरुजींचा सदरा विटकरी झाला होता, आणि आमच्या बाया पोट धरून हसत होत्या. मीसुद्धा. वास्तुशांतीला गुरुजींनी आम्हाला बोलावलं नाही.

पुढं बाईचे गुडघे गेले. जिना चढताना ती भिंतीला शिव्या द्यायला लागली. एक दिवस लातूरच्या कामावर म्हणाली, "मुके, तुला चार बुकं येतात. उद्यापासून यादी तू काढायची."

"मला न्हाई..."

"बोलली! ऐकलं का गं, मुकी बोलली! बघ, वर चढायचं, भिंतीला हात लावायचा, मग आकडा सांगायचा. रस्त्यावर उभं राहून यादी निघत न्हाई. जमत नसंल तर जा, घरी चूल फुंक."

घरी चूल होती, पण माझ्या मजुरीशिवाय तिच्यावर चढवायला काही नव्हतं. मी यादी काढू लागले. पहिल्याच घराला वाळू उरली. बाईनं चुंबळ बसवली, हनुवटी धरून तोंड वर केलं. "मान सरळ ठेव. तुझ्या यादीवानी वाकडी नको." ती वाळू खाली आणताना मी जेवढं शिकले तेवढं चार वर्षांच्या शाळेत शिकले नव्हते. नंतर माझं सहसा उरलं नाही.

हे बाईला सोसलं नाही. आमच्यातली कमल जिभेची तिखट. ती एकदा म्हणाली, "आता मुकीच गुत्तेदारीण. बाईला बसवा खुर्चीवर." बाईनं ऐकलं. पुढच्या घराची यादी तिनं माझ्याकडून काढून घेतली. गुडघे वर चढू देईनात, म्हणून रस्त्यावर उभी राहून, मान वर करून तिनं विटा सांगितल्या. गॅलरीची बाजू उघडी ठेवायची होती. तिनं तिथंही भिंत धरली. विटा वर उरल्या.

दुपारची सुट्टी होती. सगळ्या बाया भाकरीची फडकी सोडून जिन्यासमोर जेवायला बसल्या. कमल म्हणाली, "बाई, चुंबळ बांधून देऊ का?" हशा पिकला.

मी टोपलं उचललं. बाई म्हणाली, "यादी कुणाची?"

मी टोपलं घेऊन पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"मुके, यादी कुणाची?"

"तुमची."

"मग सर बाजूला. हात लावलास तर उद्यापासून यायचं न्हाई."

तिनं आपली चुंबळ आपणच केली. जिन्याला अजून कठडा नव्हता. एक हात भिंतीला, एक टोपल्याला, अंग तिरकं करून ती पायरी पायरी उतरली. पुन्हा चढली. पुन्हा उतरली. कमल प्रत्येक खेपेला ओरडायची, "आली गं, आली!" कुणी जेवण थांबवलं नाही. सगळ्या विटा खाली आल्यावर बाई त्या ढिगावर बसली आणि चुंबळ माझ्या अंगावर फेकली. "बघत काय बसलीस? गिलाव्याची यादी काढ."

त्या ढिगावरून ती आपल्या पायानं उठली नाही. आम्ही उचलून रिक्षात घातली. पुतण्यानं तिला कंधारला नेलं. तिथून तिचा एकच निरोप आला, "माझं तोंड बघायला कुणी यायचं न्हाई. कामं करा." आम्ही तिचं ऐकलं. तिचं न ऐकायची आम्हाला सवयच नव्हती.

ती गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्या मिळून गेलो. दारातच पुतण्या वखारवाल्याशी फोनवर बोलत होता. आमच्याकडं वळून म्हणाला, "लाकडं किती सांगू?" कमलनं माझ्याकडं बोट केलं. "यादी ही काढते."

मी उंबऱ्याबाहेरच डोळे मिटले. पायाडाच्या फळ्या करकरवणारी बाई आठवली आणि त्या मापानं आकडा सांगितला. मग आत गेले. चटईवर चादरीखाली काहीच नव्हतं म्हटलं तरी चालेल, एवढीशी उरली होती.

बायका नदीच्या वाटेवर थांबल्या. पुरुष दहन उरकून परत आले. पुतण्या म्हणाला, "लाकडं लई उरली. राहू द्या तिथंच, कुणाच्या तरी कामी येतील."

मी पिशवीतून तिची चुंबळ काढली आणि नदीकडं उतरले. लाकडं परत न्यायची ती वखार गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. कमल मागून आली, तिनं हात पुढं केला.

"यादी माझी हाय," मी म्हटलं. "सर बाजूला."

पहिलं ओझं डोक्यावर घेतलं आणि मान सरळ ठेवली.