काकूंनी दाखवलेलं झाड

मंडळी, शेवटपर्यंत वाचा. मदत पाहिजे.

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कडुलिंब आहेत. भर मे महिन्यात दुपारी बाज टाकून बाहेर बसता येतं, एवढी सावली! वाळवी लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही सगळे मिळून खोडांना गेरू-चुना लावतो.

आज सकाळी दोन माणसं लाल रंगाचा डबा घेऊन आली आणि खोडं रंगवायला लागली. शेजारच्या शांताकाकूंना वाटलं, यंदा गेरू लावायला पालिकेनंच माणसं पाठवलीत. त्यांनी दोघांना चहा पाजला. वर म्हणाल्या, "आमच्या अंगणातलं तेवढं राहिलं बघा, त्यालाबी लावा."

त्यांनी लावला.

मी ऑफिसातून आले तेव्हा कळलं, रस्ता रुंद होणार आहे. लाल खुणेची झाडं उद्या सकाळी तोडणार.

काकूंचं झाड तर रस्त्यात येतसुद्धा नाही हो! रस्त्याच्या ठेकेदाराला फोन केला. म्हणे, "खूण आहे ना? मग तुटणार."

काकू संध्याकाळपासून पदरानं खोड घासताहेत. "निघंना गं," एवढंच म्हणतात.

झाडाच्या सालीवरचा ऑइलपेंट कशानं निघतो? कुणाला माहीत असेल तर आत्ता सांगा.