ताईच्या चुकलेल्या दोन किमो

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सापगावच्या खळ्यावर भात झोडत होतो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोळ्यांसमोर आला तो घाटरस्त्यावरचा झाडपाल्याचा औषधवाला. त्याला सोडायचा नाही, एवढं एकच मनात होतं. आज महिना उलटला, राग तसूभरही उतरलेला नाही...

ताई टोकावड्याला दिलेली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. किमोने केस गेले तर डोक्यावरचा पदर खाली टाकून शेजारणींना म्हणाली, "एकदाच काय ते बघून घ्या गो." छातीत गाठ निघाली तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, नक्की बरी होईल ना? त्या म्हणाल्या, "आज नाही सांगता येणार. सगळ्या किमो होऊ देत, मग बघू." दर खेपेला तेच. मला चीड यायची. एवढं शिकून यांना सांगता येत नाही? परतीच्या एसटीत ताई मलाच झापायची, "तिला ठाव नाय तर ती ठाव नाय बोलते. खोटी आशा लावत नाय, म्हनून माझा तिच्यावर भरोसा हाय. तू गप रे."

मी गप बसलो नाही. औषधवाल्याने नाडी धरून छातीठोक सांगितलं, "तीन महिन्यांत गाठ विरघळली नाय तर नाव बदलीन. पन ती सलाइनं बंद करा." आणि तो दमडी घेत नव्हता! फुकट देतो म्हणजे लबाड नसणार, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात, मीही धरलं. ताईचं मन नव्हतं. मी माझी शपथ घातली. तिच्या दोन किमो चुकल्या... परत गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नवा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला आणि ताईच्या पाठीवर हात ठेवला.

आता दर रविवारी मी औषधवाल्याच्या दारासमोरच्या स्टॉपवर जाऊन बसतो. दवाखान्याची फाइल घेऊन कुणी उतरलं की गाठतो, ताईचं सगळं सांगतो. काही जण माघारी फिरतात. दारातल्या औषधवाल्याचं पडलेलं तोंड बघून मला बरं वाटतं. लोक म्हणतात, सोडून दे. का सोडू?

गेल्या रविवारी मुरबाडकडची एक बाई नवऱ्याला घेऊन उतरली. सगळं ऐकून तिने विचारलं, "तुमची बहीन आपल्या मनानं आलेली का इथं?"

"नाय," मी म्हणालो. "मी आनली."

ती नवऱ्याचा हात धरून पलीकडे परतीच्या गाडीसाठी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी औषधवाल्याच्या दाराकडे मी एकदाही पाहिलं नाही.