पाणी मागून पाहणारा माणूस

फोन विलासचाच आला. सकाळचे सात वाजले असतील, मी दाढी करत होतो. "दादा, दयारामभाऊ गेले," तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "झोपीतच गेले. तरास नाई झाला." माझ्या धाकट्या भावाने ही बातमी आवाज न हलवता, नीट शब्दांत सांगितली, आणि खरं सांगायचं तर मला दुःखाआधी समाधान वाटलं. तसं लिहायला संकोच होतो... पण दयारामभाऊंना ते चाललं असतं. काही वर्षांपूर्वी अशी बातमी आली असती, तर ती सांगायला विलास शुद्धीवर सापडला नसता.

पंधरा दिवसांनी शोकसभा झाली. बॅनरवर भाऊंचा फोटो लहान आणि आयोजकांचे मोठे, हे रीतीप्रमाणेच होतं. सहा वक्ते बोलले. त्यांपैकी तिघांनी भाऊंना दीपस्तंभ म्हटलं. ज्या जिल्ह्यात समुद्र फक्त समुद्रपूरच्या नावात आहे, तिथं एका संध्याकाळी तीन दीपस्तंभ म्हणजे जरा जास्तच झालं. भाऊ ग्रेडर होते. त्यांची सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर झाली. कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की वरचा पांढराशुभ्र थर ते पाहायचेच नाहीत. बाही वर सारून हात कोपरापर्यंत आत खुपसायचे, तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचे, अंगठा आणि बोटांत धरून धागा हळूच ओढायचे आणि मग प्रत सांगायचे. निवृत्तीनंतरही त्यांची बोटं बोलताना हवेतला धागा ओढत असत.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. भाऊ रोज दुपारी आमच्या वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचायला येत. पुस्तकांजवळ बसणारा तो मास्तर, असा त्यांचा हिशेब असल्याने मला ते कायम मास्तर म्हणाले. कधीकाळी ते स्वतः भरपूर पीत आणि दारू सोडणाऱ्यांच्या एका घरात राहून त्यांची सुटली, हे त्यांनी मला दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं, आपण पूर्वी चष्मा लावत नव्हतो अशा सुरात. त्यानंतर ज्यांच्या घरी हा प्रश्न असे, त्यांच्यासोबत ते राहण्याची जागा पाहायला जात. बोलावलं तर जात, एरवी नाही.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारूचं दुकान नाही; दारू आहे. विलास समुद्रपूरला शाळेत क्लार्क होता, आणि बंदीने त्याची कधी अडचण झाल्याचं मला आठवत नाही. शेवटी दवाखान्यात तीन आठवडे ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अंगातली उतरली आहे, आता काही महिने तरी न पिणाऱ्या माणसांत राहू द्या. त्याच गल्लीत, त्याच मित्रांत लगेच सोडू नका. मला वाटलं सुनंदा, त्याची बायको, रडेल. ती म्हणाली, "घरी नका आणू, भाऊजी. मले नवरा पाहिजे, पण हा नाई. आणि यावेळी जागा चुकली तं मी माहेरी जाईन, मंग परत येणार नाई." तिने आवाज चढवला नव्हता. म्हणूनच मी घाबरलो.

जागा शोधायची म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी माहितीपत्रकं गोळा केली. वाचलेल्या माणसाची ही खोड असते. त्यात एक जागा मला फारच आवडली. हमरस्त्यालगत इमारत, फुलझाडं, आणि दर्शनी खोलीत काचेचं पुस्तकांचं कपाट. मी भाऊंना घेऊन गेलो. चालकांनी आम्हाला उद्घाटनाचे फोटो दाखवले, सन्मानचिन्हं दाखवली, आणि म्हणाले, आमच्याकडून गेलेला एकही माणूस परत प्यायला नाही. शेजारी तिथं राहणारा एक माणूस फरशी पुसत होता, त्याला भाऊ म्हणाले, "बाबू, जरा पाणी देतं का?" तो माणूस उभा राहिला, आणि त्याने आधी चालकांच्या तोंडाकडे पाहिलं. चालकांनी मान हलवल्यावर तो आत गेला. भाऊ पाणी प्यायले, त्यांनी आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो.

"कपाट पाह्यलं?" मी विचारलं.

"पाह्यलं. कुलूप गंजून राह्यलं त्याचं. तुमी पुस्तकं मोजली, मास्तर, मी कुलूप पाह्यलं." मग बोटांनी धागा ओढत म्हणाले, "आणि एकबी प्यायला नाई म्हंते. एकबी बोंड किडकं नाई, असा कापूस म्या नोकरीत पाह्यला नाई."

दुसऱ्या ठिकाणी शिस्त होती. आम्ही आत शिरताच सगळे एकदम उभे राहिले, आणि मला आमच्या शाळेतली तपासणी आठवली. घरचा फोन पहिले दोन महिने बंद. दवाखान्यातल्या गोळ्यांचं काय, तर इथं गोळ्या लागत नाहीत, मनोबल लागतं. भाऊ खोल्यांच्या दारांपाशी रेंगाळले. सगळ्या कड्या बाहेरून होत्या. तिथं त्यांनी पाणीही मागितलं नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "याले घर काऊन म्हंते? हा तं कोंडवाडा हाय."

तिसरी जागा आष्टी तालुक्यात, तळेगावात. माहितीपत्रक नाही, पाटीसुद्धा नाही. पाच खोल्यांचं कौलारू घर. गजूभाऊ नावाचा एक माजी बस मेकॅनिक ते चालवत होता, तोही पूर्वीचा पिणाराच. आम्ही न कळवता, मंगळवारी, ऐन जेवणाच्या वेळी गेलो. भाऊंचा तो नेम होता. आत भांडण चाललं होतं. वांग्याच्या भाजीत पाणी कोणी जास्त घातलं यावर दोघे एकमेकांचा उद्धार करत होते, आणि गजूभाऊ शांतपणे भाकरी खात होता. मला ते फार गबाळं वाटलं. भाऊ मात्र चटईवर बसले, पानात भाजी घेतली आणि म्हणाले, "पाणी जास्तच हाय." सगळे हसले. मग एकाला म्हणाले, "बाबू, पाणी देतं का?" तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "माठ तिथं हाय, काका. घ्या ना."

भाऊ उठले, माठातून स्वतः पाणी घेतलं आणि सावकाश प्यायले. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, घरचे कधी येऊ शकतात, दिवसा कोण कुठं कामाला जातं, हे सगळं त्यांनी गजूभाऊला न विचारता तिथल्या माणसांना एकेकटं गाठून विचारलं. गजूभाऊला एकच प्रश्न होता.

"शेवटी कोण प्यायलं?"

"मीच," गजूभाऊ म्हणाला. "मागच्या शिमग्याले. यायनंच सांभाळलं मले." आणि त्याने भाजीवरून भांडणाऱ्या दोघांकडे बोट दाखवलं.

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "आणा विलासले."

मी आणला, पण मनापासून नाही. सुनंदाचं वाक्य डोक्यात होतं, आणि मी तिच्या संसाराची जोखीम पाणचट भाजीच्या भरवशावर टाकत होतो. चार महिने बरे गेले. मग पोळ्याला विलास समुद्रपूरला आला आणि दुसऱ्या दिवशी प्यायला. संध्याकाळी गजूभाऊचा फोन आला. पुढल्या दुपारी मी रागानेच वाचनकक्षात भाऊंसमोर जाऊन उभा राहिलो.

"तुमचं घर फसलं," मी म्हणालो. "विलास प्यायला."

भाऊंनी वर्तमानपत्राची घडी केली. "तुमाले कोणं सांगितलं?"

"गजूभाऊनं."

"आन् गजूले?"

"विलासनंच. प्यायलेलाच बसमध्ये बसला, थेट तिथं गेला आणि सांगितलं म्हणे."

भाऊंनी घडी पुन्हा उघडली. "मंग घर बराबर हाय, मास्तर."

वीस वर्षांत विलासने मला चक्कर सांगितली होती, खोकल्याचं औषध सांगितलं होतं, मित्राच्या मुलाच्या बारशाचं निमित्त सांगितलं होतं. प्यायलो, असं कधीच सांगितलं नव्हतं. मी हे सुनंदाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "गेला कोणत्या बसनं? उपाशी असन." माहेरची गोष्ट तिने परत काढली नाही. पुढच्या रविवारी ती भाकरींचा डबा घेऊन तळेगावला गेली. विलास तिथं आणखी आठ महिने राहिला, मग घरी आला, नोकरीवर गेला. त्यानंतर तो प्यायला नाही, असं मी लिहितो आहे. भाऊ असते तर म्हणाले असते, आजपर्यंत, असं लिहा. तर, आजपर्यंत.

मागच्या रविवारी मी तळेगावला गेलो होतो. विलास अजूनही दर रविवारी तिथं जातो. सुनंदा म्हणते, निदान तिथं तरी तो स्वयंपाक करतो. आष्टीकडचं एक जोडपं मुलासाठी जागा पाहायला येणार होतं आणि भाऊ नसल्याने ते काम आता विलासवर आलं आहे. मी बसमधून उतरून उन्हात चालत आलो होतो, घसा सुकला होता. विलास ओसरीवर लसूण सोलत बसला होता. मी सवयीने म्हणालो, "विलास, पाणी देजो रे."

त्याने मान वर केली नाही. "माठ तिथं हाय, दादा. घे ना. आन् येताना मलेबी आणजो."

मी माठापाशी गेलो. तळेगावला आले की भाऊ शेजारच्या भिंतीला टेकून बसत; तिथं त्यांच्या पाठीने चुना थोडा घासला गेला आहे, आणि कोणी तो परत लावलेला नाही. मी दोन पेले भरले. ओसरीवर पाच-सहा माणसं होती. कोणी भाजी निवडत होतं, कोणी नुसतंच बसलं होतं. मी दोन्ही हातांत पाणी घेऊन त्यांच्यामधून वाट काढत गेलो. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.